पेडलाला मरण नाही

माझी तक्रार जरा उलटी आहे. लोकांच्या वस्तू लवकर मोडतात म्हणून ते कंपनीच्या नावाने बोटं मोडतात. माझी पेडलं मोडतच नाहीत. माउंटन बाइकची, बुटाच्या तळाला खटकन अडकणारी क्लिपलेस पेडलं. घेताना यादीतलं सगळ्यात खालचं, सगळ्यात जड आणि सगळ्यात स्वस्त मॉडेल घेतलं होतं, "सध्यापुरतं" म्हणून. ते सध्या काही संपत नाही. मधल्या काळात चेनी गेल्या, टायर गेले, ब्रेक पॅड तर किती गेले त्याचा हिशेबच नाही. मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांची कॅसेट बदलली, बूट फाटले. पेडलं आहेत तिथेच आहेत. रंग उडालाय, कडा दगडांवर घासून चकचकीत झाल्यात, एका बाजूची स्प्रिंग तांबूस पडलीय. पण पाय टेकवला की खट्, आणि टाच बाहेर वळवली की मोकळा. सात चिरंजीवांच्या यादीत आठवी जागा निघाली तर माझ्याकडे उमेदवार तयार आहे. डावा आणि उजवा, जोडीने.

आता कुणी म्हणेल, मग रडतोस कशाला? रडतो, कारण मला नवीन पेडलं हवी आहेत. हलकी, काळीभोर, मधे बारीकशी चांदीची रेघ असलेली. आणि आमच्या घरात जुनं मोडल्याशिवाय नवं येत नाही. नियम बाबांचा. पैसे माझे, सायकल माझी, पाय माझे, तरी बाबांनी "मोडलंय का?" असं विचारलं की माझं वय एकदम दहा होतं आणि मी खरं बोलून बसतो.

"नवीन मॉडेल हलकं आहे, बाबा."

"किती हलकं?"

"जोडीमागे 70 ग्रॅमच्या आसपास."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे तोंडाकडे नाही, जरा खाली, पट्ट्याच्या उंचीवर पाहिलं. मग परत पेपरात डोकं घातलं. चर्चा संपली.

पेडलाचं एक बरं होतं, या अमरत्वाचं कारण तरी शोधता आलं. मूळ दोष बर्फात आहे. लुक ही फ्रेंच कंपनी आधी स्कीच्या बाइंडिंग्ज, म्हणजे स्कीला बूट अडकवायचे खटके, बनवायची. पडताना पाय पिरगळला की बूट आपोआप सुटला पाहिजे, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तीच युक्ती तिने 1984 मध्ये पेडलात आणली आणि 1985 मध्ये बर्नार इनो त्या पेडलांवर टूर द फ्रान्स जिंकला. त्याआधी सत्तरच्या दशकात इटलीच्या चिनेल्लीचं एक पेडल होतं, त्यात पाय सोडवायला खाली वाकून हाताने खटका सरकवावा लागायचा. हा खटका विसरणाऱ्यांमुळे त्या पेडलाला सायकलवाल्यांनी जी टोपणनावं ठेवली, ती सगळी मृत्यूशी संबंधित आहेत. (मृत्यू स्वाराचा, पेडलाचा नव्हे. तेव्हापासूनच हे असं आहे.)

पण ही सगळी रोडवाल्यांची सोय. त्यांची क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाची पेडलात अडकणारी पट्टी, मोठी, बुटाखाली बाहेर आलेली. दहा पावलं चालले तरी बदकं निघाल्यासारखी वाटतात. डोंगरात स्वाराला सारखं उतरावं लागतं, कधी राजीखुशीने, बऱ्याचदा तसं नाही. त्यासाठी शिमानो या जपानी कंपनीने 1990 मध्ये एसपीडी आणलं: दोन स्क्रूंवर बसणारी बोटभर पोलादी क्लीट, बुटाच्या रबरात खोल दडलेली, आणि दोन्ही बाजूंनी अडकणारं पेडल. पहिल्या मॉडेलचं नाव पीडी-एम 737. ती पहिलटकर पेडलं अजूनही काही लोकांच्या सायकलींवर फिरताहेत आणि ते लोक हे अभिमानाने सांगतात. मला ते वाचून धडकी भरते. तीसहून जास्त वर्षं! तोवर मला टांग मारता येईल की नाही याची खात्री नाही, आणि पेडल मात्र माझी वाट बघत असणार.

अडकलेल्या पायासकट सिग्नलला जागच्या जागी आडवं होण्याबद्दल मी लिहीत नाही. त्यावर प्रत्येकाने लिहिलंय, आणि पेडल त्यातही मोडत नाही. कोपर मोडतं.

पेडल मरायला त्यात झिजण्यासारखं काहीतरी असावं लागतं. माझ्या पेडलात काय आहे? पोलादी ॲक्सल म्हणजे मधला आस, दोन्ही टोकांना कप, कोन आणि त्यांच्यामधे फिरणारे बारीक छर्रे, बाहेरून पोलादी जबडा आणि जाड स्प्रिंग. छर्रे खरखरले तर ॲक्सल बाहेर काढा, पुसा, ग्रीस भरा, कोन पुन्हा बसवा, पहिल्यासारखं. वरच्या मॉडेलात पैसे जातात ते वजनात, पॉलिशमध्ये, बेअरिंगच्या गुळगुळीतपणात आणि चिखल बाहेर पडायला ठेवलेल्या जागेत. या गोष्टी खोट्या नाहीत. पण कितीतरी पट किंमत मोजून पेडल कितीतरी पट टिकत नाही, कारण स्वस्तातलंच इतकं टिकतं की पटीला जागा उरत नाही. हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही.

मला हेवा वाटतो तो क्रँक ब्रदर्सचं एगबीटर वापरणाऱ्यांचा. चार बाजूंनी अडकणारं, चिखलाला थाराच न देणारं पेडल, आणि क्लीट पितळेची. पितळ मऊ, क्लीट झिजावी आणि पेडल वाचावं असा त्यामागचा हिशेब. म्हणजे त्या भाग्यवंतांना अधूनमधून रीतसर काहीतरी विकत घ्यायला मिळतं. आमची क्लीट पोलादाची. तीही झिजते, नाही असं नाही: आधी पाय अडकल्यावर इकडेतिकडे जास्त हलायला लागतो, मग एखाद्या चढावर ऐन जोर लावताना खट्कन निसटतो आणि हनुवटी हँडलला नमस्कार करते. पण तेवढं व्हायला फार वेळ लागतो. आणि झाल्यावर जे करावं लागतं, त्यापेक्षा हनुवटी परवडते.

क्लीट बदलणं. सांगायला सोपं आहे: 4 मिलिमीटरची ॲलन की घ्या, दोन स्क्रू काढा, नवी क्लीट बसवा. प्रत्यक्षात बूट उलटा करून मांडीवर घेतला की स्क्रू दिसतच नाहीत. तिथे असतो वाळलेला चिखल, आणि स्क्रूच्या षटकोनी खड्ड्यात नेमका त्याच मापाचा एकेक खडा ठाण मांडून बसलेला. निसर्गाने इतक्या मोजूनमापून बसवलेला खडा मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. तो दाभणाने उकरायचा. दाभण घसरतं, बोटात जातं. मग बोट तोंडात आणि बूट मांडीवर अशा अवस्थेत आपण काही काळ विचार करतो. खडा निघतो, त्याच्या खाली त्याचा धाकटा भाऊ असतो. तोही निघाला की ॲलन की हातोडीने हलकेच ठोकून खाली टेकेपर्यंत बसवायची, कारण अर्धवट बसलेली की फिरवली तर खड्ड्याचे कोपरे जातात आणि षटकोनाचं वर्तुळ होतं. मग तो स्क्रू जन्मात सुटत नाही. ड्रिल मारावं लागतं. हे सगळं एका स्क्रूचं. बुटाला दोन. पायही, माझ्या माहितीप्रमाणे, दोनच.

नवीन स्क्रू बसवताना आट्यांना ग्रीस लावायचं आणि साधारण 5 ते 6 न्यूटन मीटर आवळायचं. त्यासाठी मी टॉर्क पाना आणला. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "आमच्या वेळी हे हाताला कळायचं." बाबांच्या वेळी सायकलला पाय अडकवायची पद्धत नव्हती, हे मी मनातल्या मनात म्हणालो.

तरी आशेचा एक दिवस उगवला. चढावर जोर लावला की कट्, प्रत्येक फेरीला एक, अगदी पायाखालून. मी थांबून ऐकलं, परत चालवून ऐकलं. कट्. इतका गोड आवाज मी सायकलीतून कधी ऐकला नव्हता. घरी आलो आणि चेहरा शक्य तितका पाडून जाहीर केलं, "बाबा, पेडल गेलं."

बाबा चष्मा लावून खाली बसले. पेडल हातात धरून वरखाली हलवलं. "प्ले नाही, डगमगत नाही." मग टिचकी मारून फिरवलं आणि कान जवळ नेला. "खरखर नाही. सुटंय का बघू. 15 चा पाना आण."

पेडल काढणं हा एक वेगळाच तमाशा असतो, कारण उजव्या पेडलाचे आटे सरळ आणि डाव्याचे उलटे. पायाच्या फिरत्या दाबाने ॲक्सल आपल्या आट्यांत हळूहळू सरकत जातो, त्याने पेडल चालता चालता सुटू नये म्हणून डाव्याला उलटे आटे देतात. राईट बंधू विमान उडवण्याआधी सायकली बनवायचे, तेव्हा त्यांनीही आपल्या सायकलींच्या डाव्या पेडलाला असेच आटे ठेवले होते. हे पाठ करण्यापेक्षा एक सोपी खूण आहे: पाना आकाशाकडे उभा धरा आणि मागच्या चाकाच्या दिशेने ढकला, दोन्हीकडे सुटतं. आमचं सुटलं नाही. पोलादी ॲक्सल आणि ॲल्युमिनियमचा क्रँक, म्हणजे पेडल ज्यात बसतं तो दांडा, ग्रीसशिवाय बराच काळ एकत्र राहिले की त्यांचं असं काही जमतं, की वेगळं व्हायला ते तयारच होत नाहीत. बाबांनी पान्याला लांब पाइप चढवला, मी सायकलीवर आडवा पडून ती दाबून धरली, आणि एक भयंकर किंकाळी मारून पेडल सुटलं. किंकाळी पेडलाची. माझी नंतरची, कारण पाना सुटला तो थेट चेनरिंगच्या दातांवर आणि मधे माझी बोटं होती.

आटे शाबूत. बाबांनी ग्रीस लावून पेडल परत बसवलं. मी बोटांना पट्टी बांधून सायकल बाहेर काढली. चढावर जोर लावला. कट्.

माझा आनंद गगनात मावेना. पण बाबा मागून ओरडले, "उभा राहून चालव!" उभा राहिलो. आवाज बंद. बसलो. कट्. उभा राहिलो. शांत. सायकलवाल्यांना पुढचं माहीत असतं: आवाज सीटच्या दांड्यातून येत होता. दांडा काढून पुसला, पुन्हा बसवला, आणि कट् कायमचं गेलं. पायाखालचा वाटणारा आवाज ढुंगणाखालून येतो, हे सायकलीच्या फ्रेमचं मायाजाल. निम्मी निरपराध पेडलं याच संशयावरून बदलली जातात. दुर्दैवाने आमच्याकडे बाबा आहेत.

त्यानंतर मी पेडलांचा छळ वगैरे केला नाही. फक्त लाड बंद केले. ओढ्यातून जायचं असेल तर पूर्वी जरा बाजूने जायचो, तो मधून जायला लागलो. धुताना जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नये म्हणतात, कारण पाणी आत शिरतं आणि ग्रीस बाहेर येतं. मी फवारा मारताना त्या दिशेला बघत नव्हतो, इतकंच. काही झालं नाही.

आणि मग मित्राचं पेडल गेलं. त्याच्याकडे मला हवं असलेलं तेच मॉडेल, चांदीची रेघवालं. क्लीट मात्र माझ्याच जातीची. दुसऱ्या दिवशीच्या मोठ्या राइडसाठी तो आदल्या रात्री उजव्या पेडलाची सर्व्हिसिंग करायला बसला. या पेडलांत ॲक्सल आत धरून ठेवणारी प्लॅस्टिकची कॉलर असते आणि तिचे आटे क्रँकच्या आट्यांच्या नेमके उलट: उजव्या पेडलात डावे. त्याने नेहमीच्या सवयीने आणि नेहमीच्या ताकदीने फिरवलं. कॉलरचे दाते गेले. रात्री साडेदहाला तो दारात हजर.

"अरे, तुझी पेडलं दे ना उद्यापुरती. तुझी काय, काही होत नाही त्यांना."

मी ती त्याला अशा वेगाने दिली, की तोही चपापला. रात्रभर मला झोप नाही. उद्याची वाट मला माहीत होती: आधी दगडांचा उतार, मग पाणी, मग चिकणमातीचा असा पट्टा की तिथे चाकंसुद्धा फिरत नाहीत. शिवाय मित्राचं वजन माझ्यापेक्षा जास्त आणि वळणावर पेडल दगडाला आपटायची त्याची ख्याती आहे. दुसऱ्याच्या हातून मोडलं तर बाबा काय बोलणार? मी सकाळी नव्या पेडलांचे फोटो उघडून ठेवले.

दुपारी मित्र आला. चिखलाने माखलेला, कोपर सोललेलं, हातात पिशवी. "सॉरी यार," तो म्हणाला. माझं काळीज धडधडलं. "एका दगडावर जबरी आपटलं. दगडाचा टवका उडाला."

मग त्याने पेडलं काढून माझ्या हातात ठेवली. धुतलेली, पुसलेली. टिचकी मारली तर लोण्यासारखी फिरली.

"तुझं ग्रीस पार काळं झालं होतं रे, लक्ष देत नाहीस. आतली पोकळी ताज्या ग्रीसने भरून ॲक्सल फिरवत आत घातला, जुनं सगळं बेअरिंगमधून बाहेर आलं. कोनही सेट केलाय. आता दहा वर्षं हात लावू नकोस."

आतून बाबांचा आवाज आला, "दहा? वीस म्हण."