डायोड जेवायला बसलाय

कोल्हापुरात रस्सा वाढणाऱ्यासमोर ‘बास’ म्हणायला छाती लागते. निळ्या लेसर डायोडला ती मुळातच नाही. 450 नॅनोमीटर तरंगलांबीचा, शर्टाच्या बटणाहून लहान जीव. थेट व्होल्टेज दिलं की करंट ओढत सुटतो. तापला की आणखी ओढतो. मग पानावरच जीव सोडतो. म्हणून मध्ये ड्रायव्हर लागतो, म्हणजे करंट मोजून घालणारा कडक वाढपी.

डायोडला लागतात साडेचारच्या आसपास व्होल्ट. 18650 चा सेल, म्हणजे टॉर्चमधला रिचार्जेबल लिथियम सेल, भरलेला असला तरी 4.2 च देतो. लेसर टॉर्च बनवताना व्होल्टेज चढवून देणारा बूस्ट ड्रायव्हर घ्यायचा सोडून मी हुशारी केली : दोन सेल एकामागे एक, 8.4 व्होल्ट, वर स्वस्तातला लिनियर ड्रायव्हर. 1.2 अँपिअरला जास्तीचे चार व्होल्ट तो नुसते तापण्यात घालवतो. जवळजवळ पाच वॅट! हातात टॉर्च आहे की तवा, कळेना.

करंट मात्र मी शहाण्यासारखा आधी डमी लोडवर, म्हणजे खऱ्या डायोडच्या जागी बसवलेल्या तोतयावर, लावला. चार साधे डायोड आणि 1 ओहमचा रेझिस्टर. मीटरवर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. 1200 दिसले. लगेच डमी काढून खरा डायोड जोडला. ड्रायव्हरच्या कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज काढायचा असतो, हे डायोड गेल्यावर आठवलं. गेला म्हणजे तरी पूर्ण कुठं? मंद निळा मिणमिणत राहिला. लेसरचा एलईडी झाला होता. देवघरात चालला असता.

दुसऱ्यासाठी उद्यमनगरात लेथवर तांब्याचा हीटसिंक करून घेतला. मिस्त्रींनी बोअर चेक करत विचारलं, “कशाला रं हे?”

“लेसर थंड ठेवायला.”

“मिरवणुकीत आणू नगंस म्हणजे झालं. पोरांचं डोळं जात्यात.”

त्यांचं खरंच होतं. भिंतीवरून परतलेला किरणसुद्धा डोळ्याला पुरतो. म्हणून 450 नॅनोमीटरसाठीचा नारिंगी गॉगल आणला, आईला स्वयंपाकघरात पिटाळलं, दार लावलं, पेढ्यांच्या बॉक्सचा पुठ्ठा काळा करून विटेला टेकवला आणि बटण दाबलं.

काहीच दिसेना. तिसरा डायोड कुठल्या पगारातून आणायचा, हा हिशेब मनात सुरू झाला.

“अरे, लागला का?” आईनं आतून विचारलं.

“नाही वाटतं.”

“मग जळतंय काय?”

पुठ्ठ्यातून धूर येत होता. गॉगलनं निळा तेवढा चोख अडवला होता.