‘सगळं स्विच करा, हेल्प बंद ठेवा’: या सल्ल्यावर डिफेन्स उभा राहत नाही

एनबीए टूके हा बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत पुढे पाठवला जातो. त्याचा सारांश असा: डिफेन्सच्या सेटिंग्जमध्ये डोकं घालायची गरज नाही. सगळ्या स्क्रीनवर (आडवं उभं राहून रक्षकाची वाट अडवणं) स्विच (रक्षकांनी आपापली माणसं अदलाबदल करणं) लावा, चेंडूवाल्याला चिकटून राहा, बाकीच्यांपर्यंत पास पोहोचू देऊ नका, ड्राइव्हवरची (चेंडू घेऊन कोणी रिंगकडे घुसला की दुसऱ्या रक्षकाने धावून येण्याची) हेल्प बंद करा आणि झोनच्या (माणसाऐवजी जागा राखण्याच्या) वाटेला जाऊ नका. एकदा हे लावलं की समोर कोणतीही टीम येवो, त्या पानाकडे पुन्हा बघायला नको. पुढचं सगळं अंगठ्याचं कौशल्य.

सल्ला सोपा आहे म्हणून तो पसरतो. समोरच्या प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे आठ-दहा रकाने असलेला तो तक्ता पहिल्यांदा उघडला की कोणीही गांगरतं. अशा वेळी कोणी पाच तयार उत्तरं हातात दिली तर ती घेतली जाणारच. पण या पाचांपैकी एकही उत्तर कायमचं बरोबर नाही, आणि पाचही एकत्र लावली तर ती एकमेकांच्या मुळावर येतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘सगळ्या स्क्रीनवर स्विच करा, कोणी मोकळा सुटतच नाही’

मोकळा कोणी सुटत नाही, हे खरं. पण जोड्या बिघडतात, आणि चांगला खेळाडू नेमकी त्याचीच वाट बघत असतो.

एक पझेशन, म्हणजे चेंडू त्यांच्या ताब्यात असलेला एक डाव, सावकाश बघा. त्यांचा गार्ड (चेंडू खेळवणारा, सहसा बुटका खेळाडू) तीनच्या रेषेबाहेर (तिथून मारलेल्या शॉटला तीन गुण) मधोमध चेंडू घेऊन उभा आहे, शॉट क्लॉकवर (शॉट घ्यायला उरलेला वेळ) १८ सेकंद. त्यांचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) वर येऊन तुमच्या गार्डला स्क्रीन लावतो. स्विच लावलेलं असल्यामुळे तुमचा सेंटर बाहेर त्यांच्या गार्डसमोर जातो आणि तुमचा सव्वासहा फुटी गार्ड त्यांच्या सात फुटी सेंटरच्या पाठीशी उरतो. समोरचा आता घाई करत नाही. चेंडू दोन पावलं मागे घेतो, सेंटरला बास्केटजवळ जागा पकडू देतो आणि डोक्यावरून पास टाकतो. क्लॉकवर अजून १० सेकंद शिल्लक आहेत. तुमच्या गार्डचा हात वर गेला तरी चेंडू त्याच्या वरूनच जातो, आणि हेल्प बंद असल्यामुळे दुसरं कोणी धावून येत नाही. त्याला पास टाकायचा नसेल तर तुमच्या जड सेंटरला एकदा डावीकडे झुलवून स्टेप-बॅक (पाऊल मागे घेऊन शॉट) घेणं आहेच. एक स्क्रीन लावून त्याला दोन सोपे शॉट मिळाले, आणि दोन्ही तुम्हीच दिलेत.

स्विचचे समर्थक २०१८च्या ह्यूस्टन रॉकेट्सचं नाव घेतात. रास्त आहे. वेस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम मालिकेत त्यांनी जवळपास सगळं स्विच करून गोल्डन स्टेटला सातव्या सामन्यापर्यंत ओढलं, आणि मालिकेत ते ३-२ ने पुढेही होते. सातवा सामना गेला तो त्यांनी सलग २७ थ्री (तीन गुणांचे शॉट) चुकवल्या म्हणून. स्विचवर त्याचं खापर फोडता येत नाही. पण त्या टीमकडे पी. जे. टकर होता. साडेसहा फुटांच्या आतला हा गडी सेंटरला पाठीने रेटून धरायचा. ट्रेव्हर अरिझासारखा लांब हातांचा विंग (बाजूने खेळणारा) होता, आणि क्लिंट कपेला हा सेंटर असून बाहेर गार्डसमोर पाय हलवू शकायचा. तुमच्या पाच जणांत असे चार असतील तर खुशाल सगळं स्विच करा. बहुतेक टीममध्ये असे दोन सापडतात, फार तर तीन.

मग त्या दोन-तीन जणांमध्येच स्विच ठेवा. सेंटर ज्या पिक-अँड-रोलमध्ये (चेंडूवाल्याला स्क्रीन लावून मग रिंगकडे वळणं) आहे तिथे निर्णय चेंडूवाल्याकडे बघून घ्या. त्याचा थ्री कच्चा असेल तर तुमच्या गार्डला स्क्रीनच्या मागून जाऊ द्या. शूटर असेल तर स्क्रीनच्या वरून पाठलाग, आणि सेंटरला ड्रॉप, म्हणजे पेंटजवळ (रिंगसमोरची रंगवलेली चौकट) मागे. असं केलं की समोरच्याला मधल्या अंतरावरचा दोनाचा शॉट मिळतो, आणि देऊन टाकायचाच असेल तर तोच शॉट द्यावा. रूडी गोबेअरने चार वेळा ‘डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर’ मिळवला (२०१८, २०१९, २०२१ आणि २०२४), आणि त्याच्या खेळाचा गाभा हाच मागे थांबून रिंग राखण्याचा होता. अर्थात समोरचा गार्ड स्टीफन करी असेल तर ड्रॉपमध्ये थांबणं म्हणजे त्याला आयता थ्री देणं. तिथे हेज लावा, म्हणजे सेंटरने पुढे येऊन त्याची वाट क्षणभर अडवायची आणि परत फिरायचं. पिक-अँड-रोल बाजूच्या रेषेलगत होत असेल तर आइस लावून चेंडूवाल्याला स्क्रीनकडे जाऊच देऊ नका, रेषेकडे ढकला.

‘हेल्प केली की कॉर्नर मोकळा पडतो, म्हणून हेल्पच बंद करा’

सगळ्यात जास्त नुकसान या मुद्द्याने होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

यामागची भीती खोटी नाही. एनबीएच्या कोर्टवर तीनची रेषा मधोमध २३ फूट ९ इंचांवर असते, कॉर्नरला (कोर्टच्या कोपऱ्यात) मात्र २२ फुटांवर. गुण तेवढेच, अंतर कमी. २०२१ मध्ये लॉस एंजेलिस क्लिपर्सनी युटा जॅझविरुद्धच्या सहाव्या सामन्यात हीच जागा हेरली. पाचही शूटर मैदानात ठेवले आणि गोबेअरला टेरेन्स मॅनच्या मॅचअपवर, म्हणजे त्याला राखायला, नेऊन बसवलं. गोबेअर हेल्पला आत वळला की चेंडू बाहेर मॅनकडे. मॅनने त्या सामन्यात ३९ गुण केले आणि क्लिपर्स २५ गुणांची पिछाडी भरून जिंकले. हे आठवलं की हेल्प बंद करावीशी वाटते.

पण हेल्प बंद केल्याने काय होतं तेही मोजा. गार्डला मागे टाकून कोणी रिकाम्या पेंटमध्ये शिरला तर तो लेअप (रिंगलगतचा सोपा शॉट) असतो. समजा असे शंभरातले ६५ जातात. म्हणजे दर शॉटमागे १.३ गुण. कॉर्नरमधला चांगला शूटर ३८ टक्क्यांनी मारतो असं धरलं तर १.१४ गुण. शिवाय तिथवर चेंडू जायला पास लागतो, आणि तेवढ्यात तुमचा माणूस परत पोहोचू शकतो. कॉर्नरमध्ये २८ टक्केवाला उभा असेल तर तोच शॉट ०.८४ गुणांवर येतो. कॉर्नरच्या भीतीने रिंग उघडी टाकणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

हेल्प करावी की नाही, यापेक्षा ती कोणी करावी हा प्रश्न खरा आहे, आणि खेळ त्याचं उत्तर खेळाडूगणिक मागतो. तक्त्यात समोरच्या प्रत्येक खेळाडूची वेगळी ओळ आहे ती त्यासाठीच. त्यांच्या दोन शूटरच्या ओळींत ड्राइव्ह हेल्प बंद करा आणि ‘स्टे अटॅच्ड’ (आपल्या माणसापाशीच राहणं) चालू ठेवा. त्यांचे रक्षक हलणार नाहीत. ज्याला बाहेरून मारता येत नाही त्याच्या ओळीत हेल्प चालू ठेवा; आत यायचं काम त्याच्या रक्षकाचं. ज्या बाजूने ड्राइव्ह होतोय त्याच बाजूच्या कॉर्नरमधून आत येणं सगळ्यात महागात पडतं, कारण तिथला पास सर्वांत छोटा. पलीकडच्या बाजूचा सगळ्यात खालचा माणूस आत आला तर चेंडूला कोर्टभर आडवा प्रवास करावा लागतो, आणि हवेतल्या लांब पासवर चोरीही होते. समोर पाचही शूटर असतील, म्हणजे मॅनसारखीच परिस्थिती, तर हेल्प जवळपास बंद करावीच लागते. पण तो त्या टीमपुरता निर्णय.

‘चेंडूवाल्यावर स्मदर, बाकीच्यांना डिनाय’

करीने २०१५-१६च्या एका हंगामात ४०२ थ्री मारल्या. त्याच्या अंगाला चिकटून राहणं, म्हणजे स्मदर, योग्यच. यानिस अँटेटोकुंपोचा कारकिर्दीतला थ्रीचा टक्का तिशीच्या आत आहे. त्याला चिकटून उभं राहणं म्हणजे त्याचं काम सोपं करणं, कारण एका पावलात तो तुमच्या खांद्यापलीकडे असतो. २०१९च्या ईस्टर्न फायनलमध्ये पहिले दोन सामने हरलेल्या टोरंटोने कवाय लेनर्डला त्याच्यावर ठेवलं, त्याच्या वाटेत आतल्या बाजूला माणसं उभी केली, आणि पुढचे चारही सामने जिंकले. टूकेमध्ये यानिसच्या ओळीत ‘गॅप’ (अंतर ठेवून राखणं) निवडायचा तो असा.

डिनायचं, म्हणजे माणसापर्यंत पास पोहोचू न देण्याचं, दुखणं वेगळं. पास अडवायला तुमचा रक्षक चेंडू आणि आपला माणूस यांच्या मधल्या वाटेत येतो, म्हणजे रिंगकडची बाजू मोकळी सोडतो. समोरचा माणूस एक पाऊल बाहेर टाकून मागे वळला की बॅकडोअर कट, म्हणजे रक्षकाच्या पाठीमागून रिंगकडे धाव. आणि हेल्प बंद आहे. म्हणजे या सल्ल्यातले डिनाय आणि ‘हेल्प बंद’ हे दोन मुद्दे एकत्र लावले की विरुद्ध टीमला फुकटचे डंक मिळतात. डिनाय एखाद्या माणसापुरता ठेवा, ज्याच्या हातात चेंडू गेला की सगळं त्याच्याभोवती फिरतं असा. आणि तेव्हा आतली हेल्प चालूच पाहिजे.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. चेंडूवाल्यासमोर तुम्ही स्वतः उभे असाल तर अंतर तुमच्या अंगठ्याने ठरतं. दबावाचं सेटिंग कामाला येतं ते कॉम्प्युटरच्या हातातल्या रक्षकांसाठी.

‘झोन म्हणजे पळवाट’

हा सूर जुना आहे. एनबीएत कित्येक वर्षं झोनला बंदी होती. २००१-०२च्या हंगामापासून परवानगी मिळाली, आणि सेंटरने रिंगखाली ठाण मांडू नये म्हणून त्याच वेळी बचावातल्या तीन सेकंदांचा नियम आला. २०२०च्या ईस्टर्न फायनलमध्ये मायामीने २-३ झोनने (पुढे दोघे, रिंगजवळ तिघे) बॉस्टनला हैराण केलं. ज्या लीगवरून हा खेळ बनवलाय तिथेच झोन सर्रास चालतो.

झोनला मर्यादा आहेत. २-३ मध्ये फ्री थ्रोच्या रेषेजवळची जागा उघडी पडते, ३-२ मध्ये कॉर्नर आणि बेसलाइन. कोणाच्या अंगावर कोण हे ठरलेलं नसल्यामुळे रिबाउंडही निसटतात. म्हणून पूर्ण सामना झोनवर काढू नये. पण समोरच्याने तुमच्या कच्च्या गार्डला हेरून प्रत्येक वेळी त्याच्याच माणसाला स्क्रीन लावायला बोलवायला सुरुवात केली असेल, तर टाइमआउटनंतरच्या दोन-तीन पझेशनला कंट्रोलरच्या डी-पॅडवरून झोन टाका. स्क्रीन लावून जोडी बदलायला मग जोडीच नसते.

बॉक्स-अँड-वनबद्दलही हेच. २०१९च्या फायनल्सच्या दुसऱ्या सामन्यात टोरंटोच्या प्रशिक्षक निक नर्सने ते करीवर लावलं: फ्रेड व्हॅनव्लीट त्याच्यामागे, उरलेले चौघे चौकोनात. गोल्डन स्टेटचं स्कोअरिंग शेवटच्या काही मिनिटांत पार आटलं. टोरंटो तो सामना हरलं तरी डाव फसला नव्हता. केव्हिन ड्युरंट खेळत नव्हता आणि क्ले थॉम्पसन दुखापतीने बाहेर गेला होता, म्हणजे चौकोनाला घाबरण्यासारखा दुसरा शूटर उरला नव्हता. ते दोघे मैदानात असते तर हाच डाव अंगाशी आला असता.

‘एकदा लावा आणि विसरा, उरलेलं अंगठ्याचं काम’

समोरच्याने बेंचवरून दोन खेळाडू आणले की मॅचअप बदलतात. तुमचा सर्वांत चांगला रक्षक अशा माणसावर जाऊन बसतो जो शॉटच घेत नाही. त्यात अ‍ॅडॅप्टिव्ह कोचिंग इंजिन चालू असेल तर खेळ स्वतःच तुमची मांडणी बदलत राहतो, आणि मग ‘सेटिंग्जने काही फरक पडत नाही’ अशी तक्रार होते. स्वतः मांडणी करणार असाल तर डिफेन्सपुरतं ते बंद करा आणि बदली झाली की मॅचअपवर नजर टाका.

अंगठ्याचं कौशल्य हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण तुमच्या हातात एका वेळी पाचांपैकी एकच जण असतो. कॉर्नर सोडायचा की नाही, स्क्रीनच्या वरून जायचं की मागून, हे उरलेल्या चौघांना तुम्ही तक्त्यात जे लिहिलंय तेवढंच कळतं. तुमची रिअ‍ॅक्शन कितीही वेगवान असो, पलीकडच्या कॉर्नरमधला रक्षक त्याने हलत नाही.

पूर्ण तक्ता पहिल्याच दिवशी भरायची गरज नाही. सामना सुरू व्हायच्या आधी समोरच्या पाच जणांचे थ्रीचे रेटिंग बघा आणि सर्वांत कच्चा कोण ते शोधा. त्याच्या ओळीत ऑन-बॉल आणि ऑफ-बॉल (चेंडू त्याच्या हातात असताना आणि नसताना) दोन्ही गॅप, स्क्रीनच्या मागून, हेल्प चालू. मग सर्वांत पक्का शूटर: टाइट, स्क्रीनच्या वरून, हेल्प बंद, स्टे अटॅच्ड. मधले तिघे पहिल्या क्वार्टरपुरते ऑटोवर राहू द्या. पहिल्या टाइमआउटला त्यांचे गुण पेंटमधून आलेत की तीनच्या रेषेबाहेरून ते बघा, एक सेटिंग बदला आणि तेवढं एकच बदलून पुढची चार-पाच पझेशन खेळा.