टॉकीजची मशीन भंगारात घालू नका

तालुक्याच्या गावातल्या टॉकीजबद्दल कोणी लिहायला बसलं की कोणता पिच्चर किती आठवडे चालला यावरच गाडी अडते. विदर्भातल्या वणी-दर्यापूरसारख्या गावांत पिच्चर दिसायचा तो मशीन रूममध्ये प्रोजेक्टर, म्हणजे टॉकीजची मशीन, चालवणाऱ्या ऑपरेटरच्या हातामुळं. त्याच्या कामाबद्दल कुठं ओळ सापडत नाही, हा मला सरळसरळ अन्याय वाटतो.

35 एमएमची फिल्म सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे मिनिटाला 90 फूट पळते. 2000 फुटांचं रीळ 22 मिनिटांत संपतं. अडीच तासांच्या पिच्चरला अशी सात रिळं, म्हणून दोन मशिनी. रीळ संपायला आठेक सेकंद उरली की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका चमकतो. तेव्हा दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. दुसरा ठिपका दिसताच दुसऱ्या मशीनवर बदल. आपल्याकडं प्रिंट अमरावती, भुसावळच्या वितरकांकडून शहरं फिरून मग यायची. तोवर रिळांची टोकं फाटून, कापून ठिपकेच गेलेले. मग ऑपरेटर स्वतः फिल्म खरवडून खूण करायचा.

उजेड कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या फटीत पेटणाऱ्या ठिणगीचा, डीसी करंटवर. पॉझिटिव्ह कांडी लवकर जळते, फट वाढते, पडदा अंधुक होतो आणि दुर्लक्ष झालं तर ठिणगीच विझते. म्हणून कांड्या सारख्या पुढं सरकवायच्या. वैशाखातल्या 45 अंशांत, पेटलेल्या कार्बनशेजारी, दर शोला हेच.

सगळ्यात नाजूक काम फिल्म लावण्याचं. चित्र गेटमध्ये, म्हणजे लेन्समागच्या खिडकीत, फ्रेमगणिक थांबत जातं, पण आवाज खालच्या साउंड हेडवर अखंड वाचला जातो. त्यासाठी फिल्मवर आवाज चित्राच्या सुमारे 20 फ्रेम पुढं छापलेला असतो. मधली लूप, म्हणजे फिल्मचा सैल वळसा, चार-पाच फ्रेम मोठी राहिली की ओठ आणि शब्द जुळत नाहीत. लूप सुटली तर चित्र थरथरतं, फिल्मची भोकं फाटतात.

टॉकीज टीव्हीनं मारल्या, असं सगळे म्हणतात. टीव्हीनं गर्दी कमी केली, खरं आहे. पण 2014 च्या आसपास नव्या पिच्चरच्या फिल्म-प्रती जवळपास बंद झाल्या आणि डिजिटल मशीन घेण्याची ऐपत नसलेल्या हॉलकडं लावायलाच काही उरलं नाही. कापूस विकून हातात पैसा आला की भरणारा हॉल त्या भांडवलाला पुरणारा नव्हता.

आता बंद हॉलमधली मशीन किलोच्या भावानं जाते आहे. मालकांना हात जोडून सांगणं आहे, निदान एक ठेवा. लेन्स काढून कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. म्हातारा ऑपरेटर फिल्म लावताना त्याच्या हातांचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, प्रत्येक चाकाचं नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्या. जुन्या रिळांना व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती इतर रिळांपासून वेगळी, थंड, कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. डबा घट्ट बंद करू नका. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची रिळं नायट्रेटची असू शकतात. ती भडकन पेटतात. ती मशीनवर चढवू नका, घरातही ठेवू नका, आधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारा.