सही कूर्बेची, हात पाताचा

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच चित्रकार गुस्ताव कूर्बेने अखेरच्या वर्षांत सहायकांकडून रंगवून घेतलेल्या निसर्गचित्रांवर स्वतःची सही केली, ती फसवणूक मानावी का, या प्रश्नावर काल कट्ट्यावर चहा निवेपर्यंत वाद झाला.

वकील मित्राने परिस्थितीची बाजू मांडली. १६ मे १८७१ रोजी पॅरिस कम्यूनने, म्हणजे शहरातल्या बंडखोर क्रांतिकारी सरकारने, व्हांदोम चौकातील नेपोलियनचा स्तंभ पाडला. कम्यूनमध्ये सामील असलेल्या कूर्बेने त्याबद्दल सहा महिन्यांची कैद भोगली, तरी पुढे स्तंभ पुन्हा उभारण्याचा खर्चही सरकारने त्याच्याच माथी मारला, म्हणून १८७३ मध्ये तो स्वित्झर्लंडला गेला आणि जिनिव्हा सरोवराकाठी राहून चित्रे विकू लागला. देणे अखेर ३,२३,०९१ फ्रँक ठरले. “अशा माणसाने हाताखाली माणसे घेतली, तर त्याला दोष कसा देणार?” असे त्याने विचारले.

चित्रकला शिकवणाऱ्या मैत्रिणीने त्याला तिथेच अडवले. “माणसे घेण्याला दोष नाहीच. सतराव्या शतकातल्या फ्लेमिश चित्रकार रूबेन्सकडेही शिष्य रंगवत. पण १६१८ मध्ये इंग्रज मुत्सद्दी कार्लटनला चित्रांची यादी पाठवताना कोणते चित्र पूर्णपणे आपल्या हातचे आणि कोणते शिष्याने सुरू केलेले, हे त्याने लिहून कळवले होते. कूर्बेच्या गिऱ्हाइकाला असे कोणी सांगितले?”

मला तिचे म्हणणे पटते, आणि कूर्बेच्या बाबतीत ते अधिकच बोचते, कारण डोळ्यांना दिसते तेच रंगवावे असा आग्रह धरणाऱ्या चित्रकाराच्या सहीचा अर्थच ‘हे मी पाहिले’ असा होतो. शिवाय त्याची पद्धत उचलायला सोपी होती. गडद अस्तरावर पॅलेट नाइफने, म्हणजे रंग कालवायच्या बोथट सुरीने, जाड रंग थापून तो खडक आणि फेस उभा करी. ब्रशचा फटकारा हस्ताक्षरासारखा ओळखू येतो, सुरीच्या पात्याखाली मात्र माणूस बराचसा झाकला जातो. त्याच सरोवराकाठच्या शियोंच्या किल्ल्याची चित्रे पुन्हापुन्हा झाली, मागणी वाढत गेली आणि स्वित्झर्लंडमधल्याच टिचिनो प्रांतातून आलेला त्याचा सहायक केरुबिनो पाता त्या पद्धतीत तयार झाला. पाता स्वतः निसर्गचित्रकार होता, हे आपण या वादात फार लवकर विसरतो.

वकील मित्र तरीही मागे हटला नाही. दरसाल १०,००० फ्रँकांचा पहिला हप्ता भरण्याच्या आदल्याच दिवशी, ३१ डिसेंबर १८७७ रोजी, कूर्बे वारला, हे त्याने आम्हाला ऐकवले. त्यावर मैत्रीण एवढेच म्हणाली, “त्याचे देणे माफ कर हवे तर, पण ज्या चित्रात पाताचा हात सिद्ध होतो, त्याखालच्या पाटीवर पाताचे नाव लिही.” तेवढे मात्र त्याने मान्य केले.