डॉपलर आणि फणस

गोळ्या वाढवूनही रक्तदाब खाली येईना, तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं: ‘रीनल आर्टरी डॉपलर’. म्हणजे मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी कुठे आवळली गेलीय का, ते बघायचं. तिथे रक्त कमी पोचलं की किडनीचा समज होतो की सगळ्या अंगातलाच दाब घटलाय, आणि ती तो वाढवायच्या मागे लागते.

सोनोग्राफीवाल्या मुलीने फोनवर बजावलं, “सकाळी उपाशीपोटी या. आणि आदल्या दिवशी गॅस होईल असं काही खाऊ नका हं, काका.”

मे महिन्यात! रत्नागिरीत! परसातला कापा फणस उतरवलेला, मुंबईचे पाहुणे गऱ्यांवर तुटून पडलेले, आणि मी कोपऱ्यात पेज ओरपतोय. अल्ट्रासाऊंडची लहर वायूपुढे हात टेकते म्हणे. किडनीच्या धमन्या पार पाठीच्या कण्यालगत आणि वाटेत आतडी. तिथे गऱ्यांनी दरबार भरवला की पडद्यावर नुसतं धुकं. पोटावर ते गारढोण जेल फासतात तेही त्यासाठीच, कातडी आणि प्रोब (पोटावर फिरवतात तो यंत्राचा दांडा) यांच्या मध्ये हवा राहू नये म्हणून.

या सगळ्याचं मूळ ख्रिस्तियान डॉपलर. १८४२ साली प्रागमध्ये त्याने ताऱ्यांच्या रंगावर निबंध वाचला: लहर सोडणारी वस्तू जवळ येतेय की लांब जातेय, त्यावर लहर बदलते. १८४५ मध्ये बाईज बॅलट या डच गृहस्थाने आगगाडीत तुतारीवाले बसवून तेच आवाजावर पडताळून पाहिलं. गाडी जवळ येताना सूर चढलेला, लांब जाताना उतरलेला. यंत्र वाहत्या रक्तावरून परतणाऱ्या लहरीत हाच फरक टिपतं. आम्हा कोकण रेल्वेच्या रुळांशेजारी राहणाऱ्यांना हे रोज पहाटे फुकट ऐकू येतं. पण आम्ही कूस बदलतो, निबंध लिहीत नाही.

पडद्यावर लाल-निळं नाचू लागलं. निळं बघून मी हबकलो.

“काका, प्रोबकडे येणारं रक्त लाल, लांब जाणारं निळं. त्यात चांगलं-वाईट काही नाही.”

मग मला या कुशीवर, त्या कुशीवर लोळवलं. लहर आणि रक्तप्रवाह यांतला कोन साठ अंशांच्या आत हवा. अगदी काटकोनातून बघितलं, तर धावणारं रक्तही यंत्राला थांबल्यासारखं वाटतं. (आमच्या भावकीत सगळ्यांकडे काटकोनातूनच बघणारे पुष्कळ आहेत.)

“श्वास घ्या... धरून ठेवा,” डॉक्टर म्हणाले आणि लाईट गेली. मशीन यूपीएसवर, पंखा नव्हे. “जनरेटरचं काय झालं बघ गं,” असं ते दाराकडे बघून ओरडले आणि ‘सोडा’ म्हणायचं राहिलं. मी शिस्तीचा माणूस, धरून बसलो. यंत्रातून माझंच रक्त ‘हूश्श, हूश्श’ करत होतं, ते भराभर करू लागलं.

“अहो, सोडा की आता!” शेवटी ही ओरडली.

रिपोर्ट आला. दोन्ही धमन्या मोकळ्या, रेझिस्टिव्ह इंडेक्स (किडनीत रक्ताला किती अडथळा होतो त्याचा आकडा) ०.६२. ०.७० च्या आत म्हणजे उत्तम.

“किडनीचा काही दोष नाही,” डॉक्टर म्हणाले. “मीठ किती खाता?”

“बेताचंच,” मी म्हणालो.

“बेताचंच?” ही खुर्ची पुढे ओढून बसली. “लिहून घ्या, डॉक्टर. सकाळी पेजेबरोबर खारातली मिरची. दुपारी भाजलेली सुकट...”