आतड्याचा कॅन्सर आणि जनुक चाचणी: त्या मेसेजमधलं काय खरं नाही

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, माझ्याकडे तो तीन ग्रुपवरून आला. ‘मोठ्या आतड्याचा कॅन्सर उलटणार (परत येणार) की नाही हे आता जनुक चाचणीतून पक्कं कळतं. कॅन्सरच्या पेशींची जनुकंच सगळं सांगतात. स्कोअर कमी आला तर केमो टाळा, जास्त आला तर केमोने हमखास वाचता. रक्तातला सीईए नॉर्मल असेल तर काळजी नको.’ मी पॅथॉलॉजीत काम करते, आतड्याचे नमुने रोज हाताळते. ऑपरेशन होऊन आठवडाही न झालेल्या घरात हा मेसेज पोचतो तेव्हा काय होतं ते पाहिलंय, म्हणून लिहिते आहे.

आधी ‘पक्कं कळतं’ बघू. ऑन्कोटाइप डीएक्स ही गाठीच्या तुकड्यावर करायची 12 जनुकांची चाचणी, तिच्यातून एक स्कोअर मिळतो. त्यातली 5 नुसती तुलनेसाठी, कामाची 7. क्वासार या ब्रिटिश अभ्यासातल्या दुसऱ्या स्टेजच्या (कॅन्सर लिम्फ नोडपर्यंत, म्हणजे जवळच्या लसिका गाठींपर्यंत न पोचलेल्या) रुग्णांवर ती पडताळली, निष्कर्ष 2011 मध्ये आले. फक्त ऑपरेशन झालेल्यांत तीन वर्षांच्या आत आजार उलटण्याचं प्रमाण कमी स्कोअरच्या गटात 12 टक्के, मधल्या गटात 18, जास्त स्कोअरच्या गटात 22. म्हणजे जास्त स्कोअर आलेल्या शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर जणांचा आजार त्या काळात उलटला नाही, आणि कमी स्कोअरवाल्या बारा जणांचा उलटला. हा गटाचा अंदाज आहे. तुमच्या वडिलांचं काय होणार, हे तो सांगत नाही.

केमोचा फायदा कोणाला होईल हे सांगण्यासाठी वेगळा स्कोअरही त्याच अभ्यासात तपासला होता. तो टिकला नाही. त्यामुळे ‘जास्त स्कोअर, केमो घ्या, वाचाल’ या वाक्याला त्या अभ्यासाचा आधार नाही.

आता ‘कॅन्सरच्या पेशींची जनुकं’. गाठीची स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली की वेड्यावाकड्या जांभळ्या ग्रंथी दिसतात, आणि त्यांच्या मधे फिकट गुलाबी धाग्यांचं जाळं. त्या जाळ्यातल्या लांबट पेशी कॅन्सरच्या नसतात, शरीराच्याच असतात. तुकड्यातून आरएनए (कुठलं जनुक किती चालू आहे हे ज्यावरून मोजतात तो रेणू) काढताना दोन्हींचा एकत्रच येतो. 2015 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी माणसाच्या गाठी उंदरात वाढवून हे उलगडलं. अशा गाठीत कॅन्सरच्या पेशी माणसाच्या राहतात, भोवतालचं जाळं मात्र उंदराचं होतं. ज्या जनुकांवरून गाठ ‘वाईट प्रकारची’ ठरत होती, त्यांचा आरएनए बहुतांशी उंदराचा निघाला! ऑन्कोटाइपच्या 7 पैकी एफएपी, बीजीएन आणि आयएनएचबीए ही तीन याच जाळ्याची. म्हणून गाठीचा कुठला कोपरा कापला, त्यात जाळं किती आलं, यावरही आकडा हलू शकतो. मला या विषयातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते, आणि मेसेजमध्ये नेमकी तिच्याच उलट बाजू लिहिली आहे.

सीईए हे रक्तात मोजता येणारं एक प्रथिन. तो 1965 मध्ये माँट्रियलमध्ये गोल्ड आणि फ्रीडमन यांनी शोधला. सिगारेट ओढणाऱ्यांतही तो वाढलेला असू शकतो आणि सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा नॉर्मल असतो. ऑपरेशननंतर ठरावीक काळाने मोजत राहायला तो उपयोगी, निर्धास्त व्हायला नाही.

मागे ओळखीच्या एका ताईंचा फोन आला. यजमानांची जनुक चाचणी करायची, पैशांची जमवाजमव चालली होती. मी म्हटलं, आधी साधा पॅथॉलॉजी रिपोर्ट वाचून दाखवा. एमएमआर प्रथिनांची (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची) तपासणी केलेलीच नव्हती. दुसऱ्या स्टेजमध्ये केमो द्यायची का, हे ठरवताना ती आधी लागते. लिम्फ नोड तपासले होते 7. ते निदान 12 तरी हवेत, नाहीतर स्टेजवरच भरवसा ठेवता येत नाही. नमुना अजून फॉर्मलिनमध्ये शिल्लक होता. त्यांनी डॉक्टरांकरवी तो पुन्हा तपासून घेतला. आणखी 8 नोड सापडले. त्यातल्या एकात कॅन्सर होता, म्हणजे आजार तिसऱ्या स्टेजचा. केमो पुढच्याच आठवड्यात सुरू झाली.