पुढची जागा

मिरवणूक बघायची ती पुढून, हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. मागे उभं राहून परक्यांच्या मानगुटीच बघायच्या, तर घरचा टीव्ही काय वाईट? म्हणून म्युनिकहून पहाटेची गाडी पकडून आम्ही ऑस्ट्रियात, टिरोलमधल्या इम्स्टला पोचलो. म्हणजे स्टेशनवर पोचलो. स्टेशन खाली इन नदीकाठी आणि गाव वर डोंगरात. वर येईपर्यंत बायकोचा कार्निव्हलमधला रस बराच आटला होता.

इथल्या कार्निव्हलला ‘शेमेनलाउफेन’ म्हणतात. चार वर्षांतून एकदाच येतो, ख्रिस्ती लोकांच्या लेंटच्या उपवासांआधीच्या एका रविवारी. २०१२ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत असल्यामुळे एवढ्याशा गावात मुंगीला जागा नव्हती. पण आम्हाला मात्र थेट पहिल्या रांगेत मोकळी जागा! गावातले आजी-आजोबा भिंतीला पाठ लावून लांब उभे होते. बिचारे, वय झालं असेल.

आणि घंटा वाजू लागल्या. ‘शेलर’ म्हणजे मिशाळ लाकडी मुखवट्याचा गडी, कमरेला पार ३५ किलोपर्यंतच्या घंटा. विमानतळावर बॅग तेवढी भरली तर आपण काउंटरवरच लोणच्याच्या बरण्या बाहेर काढायला लागतो. हा तेवढं वजन बांधून दिवसभर नाचतो. त्याचा जोडीदार ‘रोलर’, कोवळ्या चेहऱ्याचा, बारक्या घुंगरांचा, टणाटण उड्या मारणारा. दोघांच्या डोक्यावर आरसा आणि फुलांचा डोलारा. एकाने उडी मारायची, दुसऱ्याने कंबर हलवून उत्तर द्यायचं, मग एकमेकांना वाकून नमस्कार. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला.

तेवढ्यात पोटरीवर धप्पकन काहीतरी बसलं.

नाचाला रिंगण मोकळं हवं. त्यासाठी इथे ना दोरी, ना शिट्टी. ‘झाकनर’ नावाचा मुखवटा येतो आणि मक्याच्या सालपटांनी भरलेली पिशवी पुढच्या रांगेच्या पायांवर घुमवतो. मार लागत नाही, अपमान लागतो. त्याच्याकडून वाचलेल्यांसाठी ‘श्प्रित्सर’ हा पिचकारी घेऊन हजर. आल्प्सच्या थंडीत पाणी! मी छत्री उघडली, तर त्याने नेम धरण्यात विशेष गोडी घेतली. मग काजळी फासणारा आला. मी नम्रपणे बायकोला पुढे केलं.

आता मागे सरकावं म्हटलं, तर भिंतीशेजारचे आजोबा अत्यंत आपुलकीने आम्हाला पुढे ढकलत होते. पाहुणे ना आम्ही! त्यांचा कोट मात्र कोरडा ठणठणीत.

वर बघावं तर धुराडं साफ करणाऱ्यांच्या वेषातले गडी घरांच्या भिंतींवर चढत होते. मागून अस्वलं आली, वाकड्या नाकांच्या चेटकिणी आपला स्वतंत्र बँड घेऊन आल्या. त्या चेटकिणींचे हात बघून बायकोला शंका आली. शेजारच्या काकूंनी ती दूर केली: मिरवणुकीत सगळे पुरुषच, चेटकिणीसुद्धा. बायका कपडे शिवून देतात.

“म्हणजे शिवणटिपण बायकांनी करायचं आणि मिरवायचं पुरुषांनी,” काळ्या गालांची आमची बायको म्हणाली. “हे बघायला इतकं लांब यायची गरज नव्हती.”

संध्याकाळी मुखवटे उतरले. आमच्या झाकनरच्या मुखवट्याखालून चष्म्याचा, किडकिडीत, लाजाळू मुलगा निघाला. फार लागलं नाही ना, असं त्याने आस्थेने विचारलं. मी हसून “छे छे” म्हटलं. बायकोने त्याच्याकडून ती पिशवी मागून घेतली, हातात तोलून पाहिली आणि माझ्या दुसऱ्या पोटरीवर घुमवली.

“खरंच,” ती त्याला म्हणाली, “काही लागत नाही.”